गव्हल्यांचा पास्ता

चूक माजी नव्हती. हे आधी सांगतो, मग च्या पितो. तुमी समदी पुढं हसणार, हे बी मला ठावं हाय. हसा की! पर ज्या माणसानं जल्मात पहिल्यांदा मनापासून चूल पेटवली, आन त्याच चुलीपायी सख्ख्या भनीचं लगीन मोडायची येळ आली, त्याला काय वाटलं असंल, ह्याचा वाईच इचार करा आन मग हसा.

तर ऐका. लढाई सपली आन मी गावी आलो. आमचं गाव वेल्ह्याच्या अलीकडं, तोरण्याच्या पायथ्याला. पलटणीत असताना आमी इटलीत हुतो. तिथं एका डोंगरातल्या गावात आमचा मुक्काम पडला. ज्या घरात आमाला उतरवलं, तिथली म्हातारी बिचारी उपाशी. घरात चिमूटभर पीठ न्हाई. आमी आमच्या शिध्यातली कणीक तिला दिली. तिनं काय केलं? ती कणीक मळली, लाटली, चाकूनं लांब लांब फिती कापल्या आन मिठाच्या पाण्यात उकडल्या. वर बेलवांग्याचं तांबडंलाल कालवण. बेलवांगी म्हंजी तुमी आता टमाटे म्हणता ती. त्यात लसूण, तेल, आन वरनं चीज नावाचा कसलासा वाळका कीस.

पास्ता म्हणत्यात त्याला. पहिला घास तोंडात गेला आन माज्या डोळ्यात पाणी आलं, खोटं न्हाई सांगत. म्या त्या म्हातारीच्या चुलीपाशी बसून ते समदं शिकून घेतलं. बाकीचे शिपाई पत्ते खेळत हुते, मी लसूण सोलत हुतो.

गावी आल्यावर म्या घरात दुसरं बोललोच न्हाई. परसात बेलवांगी लावली. आई त्याला शिवायची न्हाई. रगतावानी दिसतंय म्हणायची. चीज कुठं मिळणार वेल्ह्यात? तर म्या दही फडक्यात बांधलं, चक्का केला, आन कौलावर उन्हात वाळत घातला. पंधरवड्यात दगड झाला दगड! वाईच वास यायचा, कबूल हाय. आईनं उंदीर मेला म्हणून सगळा माळा हुडकला. पर चीजला वास असतोच, आता हे खेड्यातल्या बायकांना कोण सांगणार?

त्यात हौसाचं लगीन ठरलं. हौसा माजी धाकली भन. मी पलटणीत गेलो तवा परकरात हुती. मागं आमचं वडील गेलं, तवा म्या तिकडनं कळवलं हुतं की मी आल्याबिगर तिचं लगीन करायचं न्हाई. बापाच्या जागी मीच हुतो नव्हं! शिवऱ्याचं स्थळ आलं. जमीनजुमला, चांगली माणसं, पोरगा देखणा. हौसा त्या दिसापासनं घरात गुणगुणायला लागली. मला काय कळत न्हाई व्हय?

आता नीट ऐका, कारण चूक माजी न्हाई हे हितंच कळंल तुमाला.

एक दिस म्या आईला म्हणलं, "आई, त्या लोकात फितीच असं न्हाई बरं का. कणकीचं बारीक बारीक आकार बी करत्यात. कुठं तांदळाच्या दाण्यावानी, कुठं नखावानी, कुठं नळीवानी. करून वाळवून ठिवत्यात."

आई म्हणाली, "मग त्यात नवल काय हाय रं? करायचंच हाय आता आमास्नी बी."

"खरं सांगतीस? कवा?"

"मुहूर्त बघून करू की."

आता बोला! मुहूर्त बघून! म्या म्हणलं, आई ती आईच. पोराच्या पास्त्याला मुहूर्त काढतीया! मला लई भरून आलं.

आन खरंच, आठ दिसांनी घरात पाच बाया जमल्या. आमची शेजारची काकी म्होरं. पाटाला हळदकुंकू लावलं, गाणी म्हणत म्हणत कणकीचं एवढं एवढं आकार वळाय लागल्या. मी दारात हुबा राहून बघितलं आन म्हणलं, "काकी, ते लई बारीक हुतंय. जरा मोठं वळा. उकडल्यावर लगदा हुईल."

समद्या खी खी करून हसल्या. काकी म्हणाली, "जा की भायेर! बाप्याचं काय काम हाय हितं?"

"आगं पर मीच तर सांगितलं नव्हं हे?"

"व्हय व्हय, तूच शिकिवलंस आमास्नी! पळ!"

बघा! कबूल केलं का न्हाई? मीच शिकिवलं म्हणून पाच बायांम्होरं कबूल केलं. मग म्या आईला इचारलं, "खायाचं कवा हे?"

आई म्हणाली, "पाव्हणं पंगतीला बसलं की. त्याच्या आदी कुणी हात लावायचा न्हाई."

ठीक हाय. पलटणीत हुकूम म्हंजी हुकूम. म्या हात लावला न्हाई. तुमच्यातल्या ज्यांना आत्ताच समदं कळलंय, त्यांनी तोंड मिटून बसा. बायकांची ती कामं बाप्यांना कोण दावतो? लग्नात पानावर खीर आली की आपण वरपतो. ती कशाची हाय, हे कुणी इचारलंय का आजवर? तुमी इचारलंय?

लगीन चार दिसांवर आलं. आई, काकी आन हौसा मेंगाईदेवीला लग्नाची पहिली अक्षत द्यायला सकाळच्याच गेल्या. मी घर राखायला. आन भर दुपारी दारात बैलगाडी! बघतो तर शिवऱ्याचं व्याही, आन त्यांच्यासंगं त्यांची थोरली भन. समदी तिला आत्याबाई म्हणायची. कपाळावर ठसठशीत कुंकू, आवाज असा की बैल बी जागच्या जागी थांबावा. त्या घरात व्याह्यांचा शब्द खाली पडला तर पडला, आत्याबाईंचा पडायचा न्हाई.

व्याही म्हणाले, "हिकडं नसरापुरास्नं आलो हुतो. म्हणलं, मांडवाची जागा बघून जावी."

म्या रामराम केला, पाय धुवायला पाणी दिलं, घोंगडं हातरलं. आन मनात म्हणलं, घात झाला. घरात बाईमाणूस न्हाई आन जेवायची येळ. पाव्हण्यांना काय उपाशी धाडू? मला भाकरी थापता येत न्हाई. पिठलं येत न्हाई. मला जगात एकच गोष्ट येती.

आन पाव्हणं तर पंगतीलाच बसलं हुतं! आईचा शब्द हुता, माजा नव्हं!

आत गेलो. कोपऱ्यात पाच गाडगी, फडक्यानं तोंडं बांधलेली, फडक्यावर हळदीकुंकवाची बोटं. कुणाला शंका आली असती? मला न्हाई आली. म्या म्हणलं, पोराच्या खाण्याला नजर लागू नये म्हणून आईनं लावलं असंल. पाची गाडगी सोडली. आहाहा! काय ते आकार! एका गाडग्यात दाण्याएवढं, दुसऱ्यात नखाएवढं, तिसऱ्यात बोटाएवढं. इटलीच्या म्हातारीनं बघितलं असतं तर माज्या आईच्या पाया पडली असती.

पाची गाडगी एका हंड्यात रिकामी केली. मोठ्या माणसांच्या पानात हात आखडता कशाला घ्यायचा? तिकडं बेलवांगी ठेचली, कांदा चिरला, लसणाचं दोन गड्डं करडईच्या तेलात टाकलं. हंड्यात बारीक हुतं ते इरघळून खळ झाली, मोठं हुतं ते आतनं कच्चं ऱ्हायलं. आता पाच आकार एकाच टायमाला कसं शिजणार? ते काकीला इचारा, म्या आदीच सांगितलं हुतं. वरनं कौलावरचं चीज किसणीवर घासलं. किसणीचं दोन दात गेलं, पर कीस पडला.

पितळ्या भरून म्होरं ठिवल्या. व्याह्यांनी बघितलं, मला बघितलं, परत पितळीत बघितलं.

"हे काय म्हणायचं?"

"जेवा तर खरं! राजाराणीच्या ताटात पडतंय तिकडं."

व्याह्यांनी घास घेतला. मग तांब्याभर पाणी प्याले. मग दुसरा घास घेतला, माणूस लई सोशीक. आत्याबाईंनी मातुर एकच दाणा बोटावर घेतला, उजेडात धरला, डोळं बारीक केलं आन मला इचारलं, "हे कुणी वळलं?"

मला वाटलं, कवतिक करतीया! हीच येळ हाय आपल्या भनीची तारीफ करायची. बापाच्या जागी मी नव्हं का?

"आमच्या हौसानं!" म्या छाती काढून सांगितलं. "तिच्या हातचं हाय समदं!"

"आन ह्यात लसूण?"

"लसूण, कांदा, बेलवांगं, आन वरनं वाळवलेलं दही! आमच्या घरात काय कमी नसतंय. लगीन होऊ द्या, तुमच्या घरात बी रोज असंच करंल!"

व्याह्यांना ठसका लागला. लई मोठा ठसका. आत्याबाईंनी पितळी सारली, पदर सावरला आन भावाला म्हणाल्या, "रामा, बैलं जुंपायला सांग."

"अवो, जेवा की पोटभर!"

व्याही उठता उठता म्हणाले, "आमी इचार करून निरोप धाडतो."

मंडळी, लगीन चार दिसांवर आल्यावर नवऱ्याकडचा माणूस इचार करून निरोप धाडतो म्हणाला, की त्याचा अर्थ गावातलं शेंबडं पोर बी सांगंल. माजं पाय गारठलं. इटलीच्या बर्फात गारठलं नव्हतं एवढं गारठलं.

तेवढ्यात आई, काकी आन हौसा मेंगाईचा अंगारा घिऊन दारात. आई हासत आत गेली, पाव्हण्यांना गूळपाणी आणायला. आन आतनं जी किंकाळी आली म्हणता! गोठ्यातली म्हस हुबी ऱ्हायली.

"माजी गव्हलं! आरं मुडद्या, लग्नाची गव्हलं कुठं हायेत?"

मग मला कळलं. पाच सवाष्णींनी मुहूर्तावर वळलेली पाच जिन्नसं. लग्नाच्या पंगतीत नवऱ्याच्या मंडळींना त्याची गोड खीर घालायची. त्याच्या आदी गाडगं उघडायचं सुदीक न्हाई. आन म्या त्यात लसूण घातला! पर मला सांगा, एक माणूस तरी बोलला का? तीन आठवडं घरात गाडगी हायेत, एक शबूद कुणाच्या तोंडातनं निघाला? घरच्या कारभाऱ्याला समद्यांच्या शेवटी कळवायचं, ही रीत झाली व्हय?

आत्याबाई आईला म्हणाल्या, "तरीच! आमास्नी वाटलं, तुमच्यात खीरच अशी करत्यात. गव्हलं दिसत्यात, आन वास लसणाचा! म्हणलं पोरगी आमच्या घरात येऊन सणासुदीला हे घालणार व्हय आमास्नी?"

हौसा दाराआड हुबी हुती. नुसती माज्याकडं बघत ऱ्हायली. एवढ्या तोफा ऐकल्या, पर त्या बघण्यानं मी हाललो. म्हणलं, गणपत, गेली तुजी अब्रू तर जाऊ दे, पोरीचं लगीन वाचीव.

"आत्याबाई," म्या हात जोडलं, "हे म्या रांधलं. पोरीचा काय संबंध न्हाई."

"मघाशी तर तिच्या हातचं म्हणत हुतास?"

"ते फुशारकीनं म्हणलं. वळलं सवाष्णींनी, रांधलं म्या."

"भाऊ हायेस, झाकणारच. सकाळी जाताना तिनंच रांधून ठिवलं असंल. चांगलं झालं आसतं तर तिचं, वंगाळ झालं की तुजं व्हय? आन बाप्या माणूस चुलीम्होरं बसतो कुठं? पलटणीत तुला बंदूक दिली हुती का उलथनं?"

उलथनं! मला! ज्या माणसानं डोंगरामागनं डोंगर चढून लढाई केली त्याला! मी काय तरी बोलणार हुतो, पर आईनं माजा सदरा मागनं धरला.

आत्याबाई ओसरीवर मांडी घालून बसल्या. "खरं बोलत असशील तर माज्याम्होरं करून दाव. हितं अंगणात. बायकांनी कुणी हात लावायचा न्हाई. मघाचीच चव आली तर पोरगी आमची सून. न्हाई आली, तर तिनंच केलं असं मी धरणार. गाडी जुंपलेलीच हाय."

आता न्याय बघा! चोरी न्हाई, मारामारी न्हाई. मला शाबीत करायचं काय, तर मी वंगाळ रांधतो!

अंगणात तीन दगड मांडले. गव्हलं तर संपलेली. म्या ताजी कणीक मळली, लाटली, कोयत्यानं फिती कापल्या, अगदी त्या म्हातारीवानी. अंगणाभवतीच्या दगडी गडग्यावर निम्मं गाव येऊन बसलं. काकी लांबनंच वरडत हुती, "लसूण वाईच करपीव रं!" आई अंगारा हातात घिऊन पुटपुटत हुती, "मेंगाई, माज्या लेकराचं बिघडू दे गं बाई!" हौसानं पाण्याची घागर आणून ठिवली आन कानाशी येऊन म्हणाली, "दादा, मघासारखंच कर हां. सुधारू नगंस."

माजं भ्याव येगळंच हुतं. मघाशी घाईघाईत झालं हुतं. आता कणीक ताजी, फिती सारख्या, बेलवांगी पिकलेली. हे चांगलंच हुणार! आन चांगलं झालं की चव जुळणार न्हाई. भनीचं लगीन मोडणार, आन ते माज्या हाताच्या गुणानं! म्या मूठभर खडेमीठ उचललं. टाकतो, म्हणलं, बिघडू दे एकदाचं. हात हंड्यावर नेला. पर न्हाई टाकवलं! त्या म्हातारीनं शिकिवलेलं डोळ्यादेखत नासायचं? मन हुईना. मीठ परत ठिवलं. आन मग तर म्या जीव ओतून केलं. असा पास्ता म्या कवा केला नव्हता. जाळ बेताचा, लसूण सोन्यावानी, उरलेलं चीज समदं वरनं. घाम पुसत म्या पितळी आत्याबाईंच्या म्होरं ठिवली आन डोळं मिटलं. हौसा, माफ कर पोरी, म्हणलं. तुज्या भावाचा हातच चांगला, त्याला तो तरी काय करणार?

आत्याबाईंनी घास घेतला. म्या एक डोळा उघडून बघितलं. त्यांनी घास ह्या गालातनं त्या गालात फिरिवला. त्यांचं तोंड वाकडं झालं, डोळ्यातनं पाणी आलं. मग उठून गडग्यापातूर गेल्या, थुंकल्या, चूळ भरली आन परत आल्या.

"रामा, बैलं सोड," त्या म्हणाल्या. "पोरगी निर्दोष हाय. ह्यो खरं बोलला. असलं दुसऱ्या कुणाच्या हातनं हुणंच शक्य न्हाई."

व्याह्यांनी येऊन माजी पाठ थोपटली. "लई सुटल्यावानी वाटलं बगा," म्हणाले. "मघापेक्षा वंगाळ झालंय. शंकेला जागाच न्हाई."

मघापेक्षा! ऐकलंत का? मघापेक्षा!

आत्याबाईंनी आईला मिठी मारली. गव्हलं वळायला उद्या आमच्या बी बाया धाडते म्हणाल्या, ह्याला तेवढा दिसभर रानात ठिवा म्हणाल्या. हौसा पदरात तोंड घालून हसत हुती आन रडत बी हुती. कशानं वाईट वाटून घेऊ? तिचं लगीन वाचलं हुतं, मला बी बरं वाटत हुतं. पर राग काय जाईना.

आन आमच्या आईनं काय करावं? लग्नासाठी राखलेली साखर काढली आन अंगणात हुत्या नव्हत्या तेवढ्या माणसांच्या हातावर ठिवत सुटली. कशापायी? तर पोरगा वंगाळ रांधतो हे चारचौघात शाबीत झालं म्हणून! फिरत फिरत माज्याम्होरं आली, डोळं पुसलं, आन म्हणाली, "घे रं बाबा. देवीनं लाज राखली."

म्या हात म्होरं केला आन खाल्ली साखर. दुसरं काय करणार?